कवचाकडून पट्टीकडे : फ्लॅग फुटबॉलच्या क्रीडासाहित्याचा इतिहास

प्रस्तावना

इतिहासाचा प्राध्यापक आणि शारीरिक शिक्षण संचालक हे दोघेही 'साधन' हा शब्द वारंवार वापरतात. मात्र दोघांच्या मनातील अर्थ निराळा असतो. एकाच्या लेखी साधन म्हणजे ताम्रपट, बखर, दप्तर. दुसऱ्याच्या लेखी चेंडू, जाळी, शिट्टी. खेळाचे साहित्य हे पहिल्या अर्थानेही साधन ठरू शकते, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी निवडलेला खेळ मराठी वाचकांस फारसा परिचित नाही. तो अमेरिकेत जन्मला, तेथेच वाढला. परंतु त्याच्या ऑलिंपिक प्रवेशावर शिक्कामोर्तब झाले ते मुंबईत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या १४१ व्या अधिवेशनात, १६ ऑक्टोबर २०२३ रोजी, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळांना मान्यता देण्यात आली. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर प्रथमच क्रिकेट परतणार, म्हणून आपल्याकडे त्याचाच गाजावाजा झाला, आणि ते स्वाभाविकही होते. बेसबॉल-सॉफ्टबॉल, लॅक्रॉस व स्क्वॉश यांच्या सोबतीने आलेले 'फ्लॅग फुटबॉल' हे नाव मात्र बातमीच्या शेवटच्या ओळीत राहून गेले.

फ्लॅग फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे असे रूप, की ज्यात प्रतिस्पर्ध्याला पकडून जमिनीवर पाडण्याऐवजी त्याच्या कमरेला लटकणारी पट्टी खेचून काढली जाते. पट्टी निघाली की चेंडू घेऊन धावणारा खेळाडू तेथेच थांबतो. आंतरराष्ट्रीय प्रकारात प्रत्येक बाजूस पाच खेळाडू असतात; मैदान दोन्ही टोकांकडील दहा-दहा यार्डांचे गोलक्षेत्र धरून ७० यार्ड लांब व २५ यार्ड रुंद असते. लागणारे साहित्य म्हणावे तर एक लंबगोल चेंडू, प्रत्येक खेळाडूस दोन पट्ट्या अडकविलेला एक कमरपट्टा, दातांचे रक्षण करणारे माउथगार्ड, बिनखिशाची अर्धी विजार, तीत खोचलेला सदरा, रबरी खुंट्यांचे बूट आणि सीमा दाखविण्यासाठी काही शंकू. महाविद्यालयाच्या नोंदवहीत ही यादी अर्ध्या पानात मावेल. त्यातीलही बहुतेक वस्तू डेड स्टॉकमध्ये न जाता उपभोग्य वस्तूंच्या रकान्यात पडतील, हे लेखापरीक्षणाचा अनुभव असलेल्या वाचकांस सांगावयास नको.

या तोकड्या यादीचा अर्थ सामान्यतः असा लावला जातो की, पट्टी आहे म्हणून खेळ सुरक्षित आहे. प्रस्तुत लेखकास हे मत अपुरे वाटते. पट्टी कोणाचेही रक्षण करीत नाही. ती पुरावा देते. रक्षण नियम करतो. आणि नियम पाळला गेला की नाही, हे सर्वांच्या डोळ्यांना दिसावे म्हणून पट्टी असते. हा भेद ध्यानात घेतल्याशिवाय या खेळाच्या साहित्याचा इतिहास नीट उलगडत नाही. मूळ खेळाच्या इतिहासात तर त्याच्या नेमके उलट घडले : तेथे नियमाने जे करावयाचे, ते दीर्घकाळ कवचावर सोपविण्यात आले.

कवचाची वाढ

रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांमध्ये ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झालेला सामना अमेरिकन आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा आरंभ मानला जातो. त्या काळी खेळाडूंच्या अंगावर संरक्षक असे काहीच नव्हते. १८९० च्या दशकात डोक्याला मार लागू नये म्हणून खेळाडू केस वाढवीत. जोसेफ मेसन रीव्ह्ज या नौदल अकादमीच्या छात्राने १८९३ च्या लष्कर विरुद्ध नौदल सामन्यासाठी अ‍ॅनापोलिस येथील एका चर्मकाराकडून डोक्यावर घालावयाचे आच्छादन शिवून घेतले. हेल्मेटच्या पूर्वजांत त्याची गणना होते. डोक्याला पुन्हा मार बसल्यास जिवावर बेतेल, असा इशारा त्याला मिळालेला होता. त्यावर त्याने खेळ सोडला नाही, टोपी शिवून घेतली. पुढील शतकभर या खेळाने संकटांना जे उत्तर दिले, त्याचा हा जणू पहिला मसुदा होता.

१९०५ च्या हंगामात किमान १८ तरुण मैदानावरील दुखापतींनी मृत्युमुखी पडले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण केले होते. हंगाम संपल्यावर कोलंबिया विद्यापीठाने खेळ बंद केला. स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया यांनी रग्बीचा मार्ग धरला. १९०६ मध्ये आंतरमहाविद्यालयीन संघटना स्थापन झाली, जिला १९१० पासून 'एनसीएए' हे नाव मिळाले. त्याच वर्षी पुढच्या दिशेने चेंडू फेकण्यास परवानगी देण्यात आली. खेळाडूंची दाटी फुटावी, माणसांचे ढीग पडू नयेत, हा त्यामागील हेतू होता. या एका नियमामुळे चेंडूचा आकारही हळूहळू बदलला. पूर्वीचा फुगीर चेंडू १९३० च्या दशकापर्यंत निमुळता होत गेला, कारण फेकणाऱ्याच्या पंजात तो बसणे आवश्यक झाले. फ्लॅग फुटबॉल हा मुख्यतः फेकीचा खेळ असल्याने त्याचे मूळ १९०६ च्या या दुरुस्तीपर्यंत मागे नेता येते.

परंतु धडक कायम राहिली आणि तिच्यासाठी कवच जाड होत गेले. चामड्याच्या हेल्मेटांमागून प्लास्टिकची हेल्मेटे आली. महाविद्यालयीन खेळात १९३९ मध्ये व व्यावसायिक 'एनएफएल'मध्ये १९४३ मध्ये हेल्मेट सक्तीचे झाले. खांद्यांचे, मांड्यांचे, गुडघ्यांचे पॅड आले. चेहऱ्यापुढे जाळी आली. डोके सुरक्षित आहे असे वाटू लागताच खेळाडू डोके पुढे करून धडकू लागले. ढाल हीच भाल्याचे टोक बनली. १९६८ या एकाच वर्षी फुटबॉलमधील प्रत्यक्ष आघातांनी ३६ मृत्यू झाल्याची नोंद आहे. पुढील वर्षी हेल्मेटचे प्रमाणक ठरविणारी समिती स्थापन झाली. तथापि तेवढ्याने भागले नाही. १९७६ मध्ये डोक्याने पहिली धडक देण्यास नियमाने बंदी घालावी लागली. त्यानंतर मृत्यूंची संख्या लक्षणीय घटली, आणि १९९० या वर्षी असा एकही मृत्यू नोंदला गेला नाही. यात सुधारलेल्या हेल्मेटचा वाटा किती आणि नियमाचा किती, हे काटेकोरपणे वेगळे काढणे अवघड आहे. केवळ हेल्मेट पुरेसे नव्हते, एवढे मात्र निश्चित. आघातांमुळे मेंदूची झीज होत राहते हा प्रश्न तर हेल्मेटने सुटलाच नाही. २००२ मध्ये निधन पावलेले माजी खेळाडू माइक वेबस्टर यांच्या मेंदूसंबंधी डॉ. बेनेट ओमालू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा विषय सार्वजनिक चर्चेत आला. कवटी शाबूत राहिली तरी आतील मेंदू हेलकावतोच, आणि त्या हेलकाव्याला बाहेरचे कवच पूर्णतः अडवू शकत नाही.

शिवणापाणी आणि चिंधी

पाडापाडीविना फुटबॉल खेळण्याची कल्पना फ्लॅगहून जुनी आहे. हाताने स्पर्श केला की गडी थांबला, अशा स्वरूपाचे 'टच फुटबॉल' अमेरिकेतील गल्ल्यांत व विद्यापीठांच्या हिरवळींवर फ्लॅग येण्यापूर्वीच रुळलेले होते. हे आपले शिवणापाणीच. शिवणापाणीचा जो कायमचा तंटा, तोच त्यातही होता : "शिवलं!" आणि "कुठं शिवलं?" गावोगावच्या कबड्डी सामन्यांत पंचगिरी केलेल्या कोणाही सहकाऱ्यास या तंट्याची तीव्रता माहीत असेल. स्पर्श हा क्षणिक असतो, मागे खूण ठेवीत नाही. ज्याला झाला आणि ज्याने केला, त्या दोघांखेरीज तिसऱ्याला त्याची खात्री देता येत नाही. आणि त्या दोघांचेही हितसंबंध परस्परविरुद्ध असतात.

कमरेला कापडाचा तुकडा लटकविण्याच्या युक्तीने हा तंटा एका झटक्यात सोडविला. स्पर्शाचे रूपांतर वस्तूत झाले. तुकडा हातात आला असेल तर गडी बाद, नसेल तर नाही. न्यायालयीन भाषेत सांगावयाचे तर तोंडी साक्षीची जागा मुद्देमालाने घेतली.

ही युक्ती प्रथम कोणी काढली, हे एका नावावर लिहिता येण्यासारखे नाही. तिला संघटित रूप दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या लष्करी तळांवर मिळाले, आणि मेरीलँड राज्यातील फोर्ट मीड या तळाचा उल्लेख त्या संदर्भात परंपरेने केला जातो. स्थळाविषयी वाद घालता येईल, कारणाविषयी नाही. जवानांना व्यायाम हवा होता, चुरस हवी होती, फुटबॉलची गोडी तर होतीच. पण मोडलेल्या हाताचा किंवा मुरगळलेल्या गुडघ्याचा जवान सेनाधिकाऱ्यांना परवडणारा नव्हता. प्रत्येकास हेल्मेट व पॅड पुरविण्यापेक्षा कमरेला चिंधी खोचणे सोपे होते. हा निर्णय भूतदयेपोटी झाला असे समजण्याचे कारण नाही. ती मनुष्यबळाची काटकसर होती. युद्धकाळात माणूस ही सर्वांत महाग सामग्री ठरते, म्हणून खेळाचे साहित्य स्वस्त झाले.

युद्ध संपल्यावर ही चिंधी महाविद्यालयांत गेली. १९४४ च्या 'जीआय बिल' या कायद्याने परतलेल्या सैनिकांना उच्च शिक्षणाची दारे खुली केली. १९४७ मध्ये अमेरिकी महाविद्यालयांतील जवळपास निम्मे प्रवेश माजी सैनिकांचे होते. तळावर खेळलेला खेळ त्यांनी सोबत आणला असणे संभवनीय आहे. त्याला सामावून घेणारी व्यवस्थाही तयार होती. मिशिगन व ओहायो स्टेट या विद्यापीठांत १९१३ मध्येच आंतर्वर्गीय क्रीडा विभाग स्थापन झाले होते. विद्यापीठाच्या निवडक संघाबाहेरील सामान्य विद्यार्थ्यांस खेळावयास मिळावे, हा त्यांचा हेतू. १९५० मध्ये न्यू ऑर्लिन्स येथील डिलर्ड विद्यापीठात विल्यम वॉसन यांच्या पुढाकाराने या क्षेत्रातील कार्यकर्त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या स्थापनेसाठी जमलेले २२ स्त्री-पुरुष हे कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या ११ महाविद्यालयांतून आलेले होते, ही बाब मुद्दाम नमूद करावीशी वाटते. आज 'निर्सा' या नावाने ओळखली जाणारी ही संघटना महाविद्यालयीन फ्लग फुटबॉलच्या नियमांचे एक प्रमुख उगमस्थान ठरली.

पट्टीचे तंटे

पट्टीने जुना तंटा मिटविला, पण नवे निर्माण केले. साहित्याच्या दृष्टीने हा भाग सर्वांत बोधप्रद आहे, कारण पट्टीतील जवळजवळ प्रत्येक सुधारणेमागे कोणीतरी केलेली लबाडी दिसते.

नुसते खोचलेले कापड धावताना आपोआप गळून पडते. गळू नये म्हणून घट्ट खोचावे किंवा गाठ मारावी, तर ते ओढताना निघत नाही. ओढणाऱ्याने जोर लावला तर खेळाडूच खाली येतो आणि पट्टीचा हेतूच फसतो. म्हणजे पट्टी निघाली पाहिजे, पण सहज निघता कामा नये. आणि किती जोराने निघावी हे खेळाडूच्या हातात असता कामा नये. यावर पहिला तोडगा वेल्क्रोचा. कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी बियांवरून स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्राल यांना सुचलेल्या या पट्टीस १९५५ मध्ये पेटंट मिळाले. पुढे फ्लॅगच्या कमरपट्ट्यांतही तिचा वापर रूढ झाला. परंतु वेल्क्रो माती व धागे धरतो, वापराने सैल पडतो. शिवाय त्याचा किती भाग एकमेकांवर दाबावयाचा हे बांधणाराच ठरवितो. गाठ गेली तरी गाठीची लबाडी उरली.

त्यानंतर आली खोबणीची पट्टी. कमरपट्ट्यावर प्लास्टिकची खोबण, पट्टीच्या टोकाला तीत बसणारा गोलक. ओढले की 'पॉप' असा आवाज होऊन पट्टी सुटते. सुटण्यास लागणारा जोर खेळाडू ठरवीत नाही, कारखान्यातील साचा ठरवितो. आवाजाचे महत्त्वही कमी लेखू नये. पाच-सहा खेळाडूंच्या गर्दीत पंचाची नजर अडली तरी कान पुरावा टिपतो. स्पर्शाचा पुरावा आधी दृश्य झाला, मग श्राव्यही झाला.

विजारीला खिसे नसावेत, हा नियम प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटतो. पट्टीसाठी झेपावलेली बोटे खिशात अडकली की बोट मोडते किंवा विजार फाटते, म्हणून तो आहे. अनेक महाविद्यालयीन स्पर्धांत खिशांवर चिकटपट्टी लावून आलेल्या खेळाडूसही मैदानाबाहेर ठेवले जाते. पट्टीचा रंग विजारीच्या रंगाहून वेगळा हवा, सदरा पट्टीवर येता कामा नये, हे नियमही त्याच जातीचे. पुरावा झाकण्यास मनाई करणारे. चेंडू घेऊन धावणाऱ्याने आपल्या हाताने पट्टी झाकली तर तो दंडनीय अपराध ठरतो. मूळ फुटबॉलमध्ये हात पुढे करून प्रतिस्पर्ध्याला दूर ढकलणे हे कौशल्य. येथे त्याच हालचालीस शिक्षा.

आणि पट्टी आपोआप पडलीच तर? बालगटांच्या 'एनएफएल फ्लॅग' नियमांनुसार खेळ तेथेच थांबतो. 'निर्सा'च्या नियमांनुसार मात्र पट्टी गमावलेला खेळाडू धावत राहू शकतो, आणि त्याला थांबविण्यासाठी खांदा ते गुडघा यांदरम्यान एका हाताचा स्पर्श पुरेसा मानला जातो. म्हणजे नवे साहित्य निकामी होताच नियम पुन्हा शिवणापाणीकडे परततो. जुन्या खेळाचा थर नव्याखाली असा शाबूत राहिलेला आहे. पांढरीच्या टेकाडात वरचा थर खचला की खालची वीट उघडी पडते, त्यातलाच हा प्रकार.

हेल्मेट व पॅड वगळणे शक्य झाले ते केवळ पट्टीमुळे नव्हे, हेही येथे नोंदविले पाहिजे. पाच खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय प्रकारात प्रतिस्पर्ध्यास अंगाने अडविण्यास परवानगी नाही. चेंडू फेकणाऱ्यावर चालून जाणाऱ्या बचावपटूस सात यार्ड मागून सुरुवात करावी लागते, त्यामुळे फेकणाऱ्यास सावध होण्यास अवधी मिळतो. खांद्यावरचे पॅड काढून ते जणू मैदानावरील एका खुणेत ठेवले गेले. कठीण कवचाचे हेल्मेट तर अनेक नियमावल्यांत निषिद्धच आहे. मऊ शिरस्त्राण चालते.

साहित्य आणि संधी

साहित्याची यादी लांब असली की खेळाडूंची यादी आखूड होते, असा अनुभव आहे. हेल्मेट, पॅड, त्यांची दुरुस्ती, मोठा संघ या साऱ्यांचा खर्च अमेरिकी शाळांनी दीर्घकाळ मुलांसाठी उचलला. मुलींच्या वाट्याला बहुधा प्रेक्षागृहासमोरचा नाच आला. शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा 'टायटल नाइन' हा कायदा १९७२ चा. तरी मुलींच्या शालेय फ्लॅग फुटबॉलला राज्यपातळीवर मान्यता देण्यात अग्रेसर असलेल्या फ्लोरिडाला ती देण्यास २००३ उजाडावे लागले. त्यावर आक्षेपही आले, आणि ते सर्वस्वी गैर नव्हते. ज्या खेळाला पुढे महाविद्यालयात शिष्यवृत्ती नाही, त्यात मुलींना गुंतविणे म्हणजे कमी खर्चात संख्या भरून कायद्याची पूर्तता दाखविणे होय, असे काही स्त्री-हक्क कार्यकर्त्यांचे म्हणणे होते. स्वस्त साहित्य हे संधीचे दार असते तसे ते पळवाटेचेही असू शकते, हा मुद्दा आपल्याकडील क्रीडा निधीच्या वाटपासही लागू पडतो. २०२१ मध्ये 'एनएआयए' या लहान महाविद्यालयांच्या संघटनेने महिलांसाठी स्पर्धा सुरू केल्या, तेव्हा या आक्षेपाची धार काहीशी बोथट झाली.

दरम्यान खेळ अमेरिकेबाहेर गेला. पहिली जागतिक स्पर्धा २००२ मध्ये ऑस्ट्रियात झाली. २०२२ च्या जागतिक क्रीडा स्पर्धांत, अलाबामातील बर्मिंगहॅम येथे, मेक्सिकोच्या महिलांनी अमेरिकेस अंतिम सामन्यात ३९-६ असे हरविले. ज्या देशाने शतकभर कवचाच्या कारखानदारीत आघाडी राखली, त्याला कवचच नसलेल्या खेळात घरच्या मैदानावर हार पत्करावी लागली. मेक्सिकोची क्वार्टरबॅक डियाना फ्लोरेस २०२३ च्या सुपर बाउलमधील 'एनएफएल'च्या जाहिरातीत झळकली; तीत सारे जग तिची पट्टी खेचण्यासाठी मागे लागलेले दाखविले होते.

'एनएफएल'च्या या उत्साहाकडे इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे सावधपणे पाहावे, असे वाटते. अमेरिकी माध्यमिक शाळांत धडकेचे फुटबॉल खेळणाऱ्यांची संख्या २००८-०९ मध्ये ११ लाखांच्या वर पोचली आणि त्यानंतर घसरणीस लागली. मेंदूच्या विकारांविषयी माजी खेळाडूंनी केलेल्या दाव्यांत 'एनएफएल'ला २०१३ मध्ये तडजोड करावी लागली. पालकांचा विश्वास परत मिळविण्यास आणि परदेशी बाजारपेठा जोडण्यास बिनकवचाचा खेळ सोयीचा होता. फोर्ट मीडच्या अधिकाऱ्यांप्रमाणे येथेही हिशेब होता. फक्त जमाखर्चाची खाती बदलली होती.

२०२८ मध्ये लॉस एंजेलिस येथे पुरुषांचे सहा व महिलांचे सहा संघ, प्रत्येकी दहा खेळाडूंसह उतरणार आहेत. त्यात आपल्या व्यावसायिक खेळाडूंना भाग घेऊ द्यावा की नाही, यावर 'एनएफएल'च्या संघमालकांनी मे २०२५ मध्ये मतदान केले आणि अनुमती दिली; मात्र एका राष्ट्रीय संघात एका क्लबचा एकापेक्षा अधिक खेळाडू असू नये असे सर्वसाधारणपणे ठरले. त्यासोबत दुखापतीपासून विम्याचे संरक्षण, वैद्यकीय पथक आणि मैदानाच्या पृष्ठभागाचा किमान दर्जा यांविषयीच्या अटीही जोडण्यात आल्या.